गुरुवारचं पाणी

पाणी सरीच्या मध्यावर आलं आणि थांबलं.

झूराकान घागरा गुडघ्यापर्यंत खोचून, हातात फावडं घेऊन दारं धरत होती, म्हणजे पाटाचं तोंड उघडून पाणी एकेका सरीत वळवत होती. आधी धार बारीक झाली. मग काडीकचरा आणि बुडालेल्या मुंग्या पुढं ढकलायचं त्राणही पाण्यात राहिलं नाही. चिखल दिसायला लागला आणि कोरड्या ढेकळांनी उरलंसुरलं चोखून घेतलं. खालच्या सऱ्यांतला घेवडा पानं मिटून उभा होता. यंदा डोंगरावर बर्फच कमी पडलं होतं. घेवडा फुलात होता, आणि फुलात असताना एक पाणी चुकलं की शेंग धरत नाही.

"आपा, पाट कोरडा पडलाय!" वरच्या बांधावरून सुनेनं, ऐझातनं, हाक मारली. सासूला ती आपा म्हणायची.

"कुठं फुटला असेल. बघ की."

"फुटला नाही. तोडलाय."

झूराकान पाटाच्या कडेनं वर निघाली. पायांना चिखल लागून ते जड झाले होते, आणि उन्हानं तो चालता चालताच वाळून पोटऱ्यांवर तडकत होता. गुरुवारी पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी तिचं. कुठलं घोडं कुणाचं हे जसं गावाला माहीत असतं, तसं त्या पाटावर हे सगळ्यांना माहीत होतं.

तुरगुंबायच्या वावराच्या कोपऱ्यावर पाटाला आडवी फळी घातलेली होती. फळीला जुना, जाड लोकरीचा नमदा गुंडाळला होता आणि वर गवताची ढेपं दाबली होती, थेंबभरही गळू नये म्हणून. काम नेटकं होतं. पाणी वळून त्याच्या घेवड्यात जात होतं, आणि तो पलीकडं उकिडवा बसून हात धूत होता.

"या जेंगे," तो म्हणाला. जेंगे म्हणजे भावजय. झूराकानचा नवरा एसेनामान होता तेव्हापासून तो तिला तसंच म्हणायचा. "ऊन फार झालंय."

"पाणी माझं आहे, तुरगुंबाय."

"आहे की. आपल्यात तुझं-माझं कधी होतं?"

"आज गुरुवार."

"एसेनामान-आके मला थोरल्या भावासारखा. त्यानं ही पाळी मला दिली होती. त्याच्या तोंडचा शब्द आहे."

"आजारी होता म्हणून दिली. वावर पड होतं. यंदा पेरलंय."

"किती सालांसाठी ते काही बोलला नव्हता. आता त्याला कुठं विचारायला जायचं?"

"मी दाखवते कुठं," मागून आलेली ऐझात म्हणाली. "चला माझ्याबरोबर. विचारून झालं की तिथंच राहा."

"सुनेला आवर, जेंगे."

"आवरते. तू फळी काढ."

तुरगुंबाय उठला. मोठ्या हाडाचा, गोऱ्या कपाळाचा माणूस. टोपी घालतो तेवढ्या भागाला ऊन लागलेलं नव्हतं. तो रागावला नव्हता, हेच झूराकानला जड गेलं. "माझ्या वरच्या तुकड्याला आज पाणी मिळालं नाही तर तो जातो बघ. माझी पेर तुझ्या तिप्पट आहे. पुढच्या गुरुवारी तू घे. एका ताटात जेवणारी माणसं आपण."

"वसंतात पाट साफ करताना आमच्या वाट्याची लांबी आम्ही दोघींनी खणली," ऐझात म्हणाली. "तेव्हा ताट कुठं होतं?"

"मी पंचांकडे जाते," झूराकान म्हणाली.

त्यानं तिच्याकडं दुखावल्यासारखं बघितलं. "गावच्या म्हाताऱ्यांपुढं? एसेनामानच्या मातीला ज्यांनी कबरस्तानात जागा दिली नाही, त्यांच्यापुढं भावाला उभा करणार तू?"

ती मागं वळली. पंचांकडं जायचं नाही हे आमच्या ख्रिस्ती मंडळीचं ठरलेलं होतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडून वर आलो तेव्हाच प्रत्येकानं कबूल केलं होतं की आपल्यातला तंटा बाहेर न्यायचा नाही, मंडळीतच मिटवायचा. मुसलमान गावात आम्ही मूठभर. एकमेकांना गावच्या पंचांपुढं ओढायला लागलो तर उरणार कोण?

ऐझात त्या कबुलीत नव्हती. परतताना ती सारखी बडबडत होती. "मी जाते आपा. मी कुठं तुमच्या मंडळीत आहे?"

"घर एकच आहे."

"मग घरानंच तहानेनं मरायचं का?"

*

पाटकरी कादिर पुलाजवळ घोड्यावरच बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता. दुकानाच्या ओट्यावर दोन-तीन म्हातारे होते. झूराकाननं डोक्याचा रुमाल नीट केला आणि रिकिबीजवळ जाऊन उभी राहिली. कादिर एसेनामानचा चुलतभाऊ. मातीला आला नव्हता.

"कादिर-आके, माझं पाणी तोडलंय."

"कुणी?"

"तुरगुंबायनं."

कादिरनं टरफल थुंकलं. "म्हणजे तुमच्यातल्याच माणसानं."

"पाळी तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पंचांकडं तक्रार कर, मी आत्ता जाऊन फळी उपटतो. तक्रारीशिवाय मी दुसऱ्याच्या दाराला हात लावत नाही. आजवर लावला नाही."

तिनं रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

"नाही करणार ना? तुमचा देव नको म्हणतो." तो ओट्याकडं बघून म्हणाला, "ही माणसं बघा. भांडतात आपल्यासारखीच, पण भांडण घरात दडवतात, आंधळ्या पोरीसारखं."

"देवाच्या लेकरांना पाणी हवंच कशाला?" ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला. "ते पाण्यावरून चालतात म्हणे."

सगळे हसले. कादिरही हसला, पण अर्धवट. घोडं वळवताना खाली न बघता म्हणाला, "एसेनामानचं वावर वाळलेलं बघायला मला आवडतंय असं नको समजू." आणि गेला.

झूराकाननं दुकानातून मीठ घ्यायचं ठरवलं होतं. ते न घेताच ती परत आली.

*

साग्यन हा आमचा पाळक. रोजचा धंदा जोडकामाचा, म्हणजे लोखंड वितळवून सांधायचा. ती गेली तेव्हा अंगणात घेवडा मळायच्या यंत्राखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त जळक्या डागांची पँट आणि फाटके बूट दिसत होते.

"साग्यन, बाहेर ये."

"आलो एजे. जरा हा दांडा धरा."

मंडळीतली धाकटी माणसं तिला थोरली बहीण म्हणून एजे म्हणायची. तिनं दांडा धरला. तो खालूनच ऐकत होता. तिचं सांगून झालं. मग सरपटत बाहेर आला आणि काजळी लागलेल्या हातांकडं बघत बसला.

"मी त्याच्याशी बोलेन."

"एकट्याशी बोलशील तर तो तुला चहा पाजेल. मला रविवारी हवंय. सगळ्यांपुढं. भावाचं पाणी तोडणं हे पाप आहे, एवढं."

"एजे, उपदेशात मी कुणाचं नाव घेत नाही."

"नाव नको घेऊस. पाणी म्हण, फळी म्हण. ज्याला कळायचं त्याला कळेल."

त्यानं मान हलवली. "माझ्या बापानं मला रोज सांगितलं, दारू सोड. गावानं सांगितलं. शाळेत गुरुजी सांगायचे, शेतकी सभेत अध्यक्ष सांगायचा, पोलिसानं तर काठीनं सांगितलं. सगळ्यांचं बरोबर होतं. मी सोडली का? शेवटी म्हातारा याकोब जर्मन आला आणि त्यानं दारूचं नावच काढलं नाही. त्यानं मला ख्रिस्त कसा मेला ते सांगितलं. गाव सोडून त्याच्या लोकांत जाताना तो मला म्हणाला, साग्यन, ज्या उपदेशात ख्रिस्त नाही तो नुसता ओरडा. माणसं ओरडा आयुष्यभर ऐकतात."

हे खोटं नव्हतं, हे झूराकानला माहीत होतं. एसेनामान गेला तो थंडीत. गावानं कबरस्तानाचं फाटक उघडलं नाही. मढं घरात, आणि बाहेर जमीन लोखंडासारखी. साग्यननं ओढ्यापलीकडच्या माळावर टायर जाळून जमीन मऊ केली आणि पहारीनं खड्डा खणला. तळहाताची कातडी निघाली तरी पहार दुसऱ्या कुणाला दिली नाही. मग खड्ड्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, ख्रिस्तालाही स्वतःची कबर नव्हती, दुसऱ्याच्या कबरीत ठेवला. ज्याला गाव जागा देत नाही त्याच्या शेजारी तो आधीच जाऊन झोपलेला असतो. त्या एका वाक्यावर झूराकाननं तो हिवाळा काढला होता. गावातल्या बायका पाठ फिरवायच्या तेव्हा ती ते मनात म्हणायची.

"याकोबचं खरं असेल," ती शेवटी म्हणाली. "पण फूल गळायला लागलंय, साग्यन."

तो उठला, हात पुसायला चिंधी शोधू लागला. "द्राक्षमळ्याचा अध्याय घेतो," तो म्हणाला. "राजानं गरिबाचा मळा घेतला, तो. यापेक्षा उघड काय असेल?"

घरी जाताना ती इतक्या भरभर चालली, की ऐझातला वाटलं पाणीच सुटलं.

*

उपासना तुरगुंबायच्या मोठ्या खोलीत व्हायची. एवढी माणसं मावतील अशी दुसरी खोली आमच्यात कुणाची नव्हती. दारात बूट काढायचे, पुरुषांनी खिडकीकडं बसायचं, बायकांनी चुलीकडं. वाचन माझ्याकडं असायचं. उपदेश करण्याची माझी कधी हिंमत झाली नाही. चष्मा लावून दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं तेवढं मला जमतं.

मी वाचलं. नाबोथ म्हणाला, हा मळा माझ्या वाडवडलांचा, मी देत नाही. अहाब राजा तोंड फिरवून पलंगावर पडला. राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला खाली उतरला, आणि तिथं एलीया संदेष्टा त्याच्यापुढं उभा राहिला. म्हणाला, तू खूनही केलास आणि ताबाही घेतलास का?

तुरगुंबायची मान खाली होती. झूराकान दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसली होती.

साग्यन उभा राहिला. सुरुवातीला अडखळला. मग म्हणाला, "त्याला गावाबाहेर नेलं. देवाचं नाव घेऊन नेलं. साक्षीदार खोटे होते, आणि तो काही बोलला नाही. तुम्हाला दुसरा कुणी आठवतो का?"

आणि तिथून त्याला वाट सापडली. अशी वाट सापडली की तो वेगळाच माणूस दिसायचा, हे मला मान्य केलं पाहिजे. तो म्हणाला, नाबोथाकडं वाडवडलांचा एक तुकडा होता, ख्रिस्ताकडं सगळी पृथ्वी होती. नाबोथानं आपला मळा धरून ठेवला, ख्रिस्तानं आपला सोडून दिला. नाबोथाचं रक्त कुत्र्यांनी चाटलं आणि ते न्याय मागत राहिलं. ख्रिस्ताचं रक्त जमिनीवर पडलं आणि म्हणालं, बापा, यांना माफ कर. ज्यांनी त्याचा मळा लुटला, त्यांनाच त्यानं मळ्याचे वारस केलं. "आपण सगळे राजा अहाब आहोत," साग्यन म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "दुसऱ्याच्या मळ्यात उभे. आणि मळ्याचा मालक आपल्याला मारायला नाही, मिठी मारायला येतोय."

तुरगुंबाय रडला. खांदे हलत होते. तोंडावर दोन्ही हात घेऊन, लहान पोरासारखा. त्यात सोंग नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. माझेही डोळे भरले. आणि झूराकान रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होती, रागानं, जणू कुणी तिच्याकडून ते बळजबरीनं काढून घेत होतं.

उपासना संपल्यावर ती चुलीकडं भांडी उचलायला गेली. तुरगुंबायची बायको माकेन चहा गाळत होती.

"तू साग्यनला सांगितलंस ना?" माकेन हळूच म्हणाली. "मला कळलं. वाचन ऐकताना माझे पाय गार पडले, एजे. मला वाटलं आता साग्यन याचं नाव घेतो."

"घ्यायला हवं होतं."

"नको." माकेननं किटली खाली ठेवली आणि बाही मनगटावर ओढली. तिथं आता काही नव्हतं, पण सवय राहिली होती. "हा पूर्वी कसा होता तुला माहितेय. हात कशानं थांबला? धाकानं? माझे भाऊ येऊन मारून गेले तरी थांबला नव्हता. ही खोली, हे रडणं, यानं थांबला. भर मंडळीत कुणी बोललं तर हा मंडळी सोडेल. आणि मग घरात माझ्याबरोबर कोण राहील?"

झूराकाननं बशा एकात एक ठेवल्या. "आणि माझं वावर?"

माकेन चहाकडं बघत राहिली. "घेवडा आहे, एजे," ती म्हणाली. "मी माणूस आहे."

*

गुरुवारी फळी होती तिथंच होती. नमदा नवा होता.

"जेंगे," तुरगुंबाय म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले असल्यासारखे मऊ होते. "रविवारी माझ्या छातीवरचा दगड गेला. तुला सांगतो, असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं."

"मग पाणी सोड."

"वरचा तुकडा आज भिजला की सोडतोच."

"मागच्या गुरुवारी म्हणालास, पुढच्या गुरुवारी तू घे."

"बोललो. चुकलो असेन. माणूस चुकतो." तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण ते सगळं क्रूसावर फिटलं, जेंगे. तूही सोडून दे. मनात धरून ठेवलंस तर तुझंच मन नासेल."

झूराकाननं फावडं उचललं. ऐझात मागं उभी होती. फावडं नमद्यावर बसलं असतं तर फळी उपटून निघाली असती. पण तो फळीवर पाय देऊन उभा होता. अनवाणी, पांढरा, सुजलेल्या नखांचा पाय. तिनं फावडं तिरपं करून जमिनीत रोवलं.

खाली आल्यावर दोघींनी ओढ्यावरून बादल्यांनी पाणी आणलं. चढ, मग बांध, मग सऱ्या. बादलीची कडी बोटांत रुतत होती. एका बादलीत किती झाडं भिजतात? जमिनीचा नुसता रंग बदलायचा, आणि पुढची बादली येईपर्यंत पुन्हा तोच. खालच्या सरीत फुलं गळून पडली होती, पांढरी, तांदूळ सांडल्यासारखी.

"तुमचा साग्यन फार छान बोलला म्हणे," ऐझात म्हणाली. "बादली धरायला बोलवा त्याला."

झूराकानला साग्यनचा राग येत होता, आणि राग आला की त्याचे सोललेले तळहात आठवत होते. त्यामुळं राग धड येतही नव्हता. ती पुढची बादली घेऊन ओढ्याकडं वळली.

*

महिन्याचा पहिला रविवार हा भाकरीचा, म्हणजे प्रभुभोजनाचा. त्या दिवशी भाकर मोडायच्या आधी पाळक विचारतो, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का. मग सगळे थोडा वेळ गप्प बसतात आणि नंतर एकमेकांना आलिंगन देतात. इतक्या वर्षांत त्या गप्प बसण्याला कुणी तडा दिला नव्हता. मला तर वाटायचं, गप्प बसणं हाही उपासनेचाच भाग आहे.

साग्यननं विचारलं. आम्ही गप्प बसलो. मग गोल, चुलीत भाजलेली भाकर निघाली. ती पुरुषांच्या रांगेतून हातोहात जाते, प्रत्येकानं शेजाऱ्यासाठी तुकडा मोडायचा. मग तुरगुंबाय, मंडळीचा सेवक म्हणून, ती बायकांकडं नेतो आणि सगळ्यांत वडील बाईला पहिला तुकडा मोडून देतो. आमच्यात वडील झूराकान.

त्यानं तुकडा पुढं केला. झूराकाननं तुकडा घेतला नाही. तिनं त्याच्या हातातली उरलेली सगळी भाकर घेतली, मांडीवर रुमाल पसरून त्यावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

आमच्याकडं भाकर उलटी ठेवत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत, कुणाच्या हातातून ओढून घेत नाहीत. हे मंडळीत आल्यावर शिकलेलं नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. त्यामुळं आता कुणालाच काही करता येईना. तुरगुंबाय तुकडा हातात धरून वाकलेला तसाच राहिला.

"एजे," साग्यन म्हणाला, "ते प्रभूचं शरीर आहे."

"माहीत आहे. म्हणूनच खाली ठेवत नाही." तिनं भाकरीवरचे हात काढले नाहीत. "तू विचारलंस कुणाच्या मनात काही आहे का. माझ्या मनात आहे."

"एजे, प्रभूनं आपल्यासाठी—"

"प्रभूनं काय केलं ते मी विसरले नाही. खड्ड्याच्या कडेला तूच सांगितलंस. ते ऐकलं नसतं तर मी आज जिवंत नसते. पण तू मला एक सांग. एलीयाला कुठं ठेवलंस?"

साग्यनला कळलं नाही.

"त्या अध्यायात एलीया मळ्यात येतो. राजाच्या तोंडावर बोलतो. यांनी ते वाचलं," तिनं माझ्याकडं बोट केलं, आणि मी चष्मा काढला. "वाचलं ते सगळ्यांनी ऐकलं. मग तू उभा राहिलास आणि एलीयाच्या अंगावरून उडी मारून पलीकडं गेलास. पलीकडं छान आहे, साग्यन. मीही रडले. पण माझं वावर अलीकडं आहे."

चुलीवर किटली उकळत होती. माकेन किटलीच्या कडीला फडकं धरून उभी होती, ती उतरवायचं तिला सुचत नव्हतं.

साग्यन वाट शोधत होता, ती नेहमीची. डोळे तसे वर गेले होते. मग ते खाली आले, तिच्या पोटऱ्यांवर. रविवार होता तरी तिथला चिखल पुरता निघाला नव्हता.

"तुरगुंबाय-आके," तो म्हणाला. "गुरुवारचं पाणी एजेचं आहे. ते सोडा."

बस्स. त्याच्या तोंडून ते इतकं कोरडं निघालं, की शाळेत पाठ न झालेलं पोर बोलावं तसं वाटलं. पुढं काही नव्हतं, मागं काही नव्हतं. आपल्यालाच ते ऐकू आल्यासारखा तो दचकून उभा राहिला.

तुरगुंबायनं हातातला तुकडा हळूच रुमालावरच्या भाकरीशेजारी ठेवला. त्याचं कपाळ लाल झालं. "माझ्या घरात," तो म्हणाला. "माझ्या घरात, भाकरीच्या वेळी. मी या खोलीत रडलो. तुम्ही सगळ्यांनी बघितलं."

"बघितलं," झूराकान म्हणाली. "गुरुवारीही बघितलं."

तो बाहेर गेला. बूट शोधताना त्यानं सगळ्यांचे बूट विस्कटले. मग फाटक वाजलं.

झूराकाननं भाकर मोडली आणि पहिला तुकडा माकेनला दिला. माकेननं तो घेतला, तोंडात घातला नाही. मुठीत धरून ती नवऱ्यामागं गेली. किटली तशीच उतू जात होती. शेवटी ती मी उतरवली आणि हात पोळून घेतला.

*

त्या गुरुवारी फळी नव्हती. पाणी पहाटे आलं, भरभरून, शेवटच्या सरीपर्यंत. ऐझात पाटातच बसली आणि ओंजळीनं तोंडावर पाणी मारत राहिली. वरच्या अर्ध्या वावरात शेंगा धरल्या. खालच्या अर्ध्यात नुसती पानं पोसली. पाण्याला काय माहीत, फूल गळून गेलंय ते.

मोठ्या खोलीला कुलूप लागलं. आम्ही झूराकानच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली बसायला लागलो. गावात लगेच बोलणं झालं की तुरगुंबायनं दुकानातून दारूची बाटली नेली. कुणी म्हणालं नेली नाही, नुसती हातात घेऊन परत ठेवली. दोन्ही गोष्टी सांगणारे लोक एकाच ओट्यावर बसलेले होते.

रविवारी सकाळी साग्यन सगळ्यांच्या आधी आला. झूराकान चटया झटकत होती.

"मी सांगितलं, आणि तो गेला," तो म्हणाला. "याकोब हेच म्हणायचा. मी ख्रिस्त सांगत होतो तेव्हा तो रडत तरी होता, एजे."

"रडत होता आणि पाणी तोडत होता."

"आता नुसताच दूर आहे."

"पाणी सोडलं त्यानं."

"माझ्या बोलण्यानं सोडलं का रागानं सोडलं?"

"मला काय ठाऊक? शेंगेला विचार." तिनं चटई आपटली. धूळ त्याच्या अंगावर गेली. मग तिचंच तिला बरं वाटलं नाही. "आज काय घेणार?"

"हरवलेलं मेंढरू."

"घे. चांगलं आहे." ती थोडी थांबली. "ख्रिस्त सांग, साग्यन. नको कोण म्हणतंय? पण मेंढरानं वाटेत कुणाचं पीक खाल्लं असेल तर तेही सांग."

तो हसला नाही. तिनंही विनोद केला नव्हता.

लोक आले. थोडेच होते. प्रार्थना सुरू झाल्यावर फाटक वाजलं आणि माकेन आत आली. एकटीच. झूराकाननं आधी तिच्या मनगटांकडं बघितलं, मग गळ्याकडं, मग तोंडाकडं. काही दिसलं नाही. बाह्या लांब होत्या. माकेन कुणाकडं न बघता मागं बसली, आणि ऐझातनं, जी कधी उपासनेत बसत नव्हती, तिच्यापुढं चहाचा पेला ठेवला.

मी वाचलं. साग्यन उभा राहिला. सुरुवातीला त्यानं पिकाचं एक वाक्य म्हटलं खरं, पण ते ओझं उतरवल्यासारखं म्हटलं. मग मेंढपाळ काट्यांतून निघाला, साग्यनला त्याची वाट सापडली आणि आवाज भरला. अंगणातली माणसं पुढं झुकली. मीही झुकलो. काय करणार? ते खरंच होतं.

झूराकान ऐकत होती. तिच्या जागेवरून पाटाचा वरचा कोपरा दिसायचा, पण जर्दाळूची एक फांदी मधे यायची. फांदीपलीकडं तिला काहीतरी हलल्यासारखं वाटलं. ती वाकली. तुरगुंबाय होता. फळी टाकायच्या जागेशी, बांधावर उभा. अंगणातला आवाज तिथपर्यंत जात असावा. त्याच्या हातात काहीतरी होतं. फावडं होतं की काढलेली टोपी, इतक्या लांबून कळत नव्हतं.

साग्यन म्हणत होता, मेंढपाळ थकला तरी थांबत नाही, हाका मारत राहतो.

झूराकाननं डोळे पुसले. मग बसायचं स्टूल उचललं आणि फांदी आड येणार नाही असं, थोडं तिरपं करून ठेवलं. आता उपदेश तिला एका कानानंच ऐकू येत होता. पण पाटाचं दारं तिला नीट दिसत होतं.